वाणिज्य शाखेबाहेरून सीए इंटरमिजिएटकडे : नोंदणीपूर्वीच्या चार महिन्यांची तयारी

बी.एस्सी., बी.ए. किंवा अभियांत्रिकीची पदवी हाती असलेल्या विद्यार्थ्याला सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या, अभ्यासक्रमात फाउंडेशनची, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला, म्हणजे मधल्या पातळीला, प्रवेश घेता येतो. हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आयसीएआय या संस्थेच्या नियमानुसार त्यासाठी वाणिज्य पदवीधराला किमान ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला किमान ६० टक्के गुण असावे लागतात. ही सवलत बहुतेकांना माहीत असते. तिचा अर्थ लावताना मात्र गल्लत होते. माफ होते ती फाउंडेशनची परीक्षा. त्यातला अभ्यास कोणीही माफ केलेला नाही. इंटरमिजिएटचा पहिलाच पेपर ‘ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग’ हा आहे, आणि रोजकीर्द (व्यवहारांची रोजची नोंद), खतावणी (त्या नोंदी खात्यांनुसार मांडणे), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा ताळा) व अंतिम खाती विद्यार्थ्याच्या हातात बसलेली आहेत असे गृहीत धरूनच त्याचे पुस्तक सुरू होते. कंपन्यांचे एकत्रीकरण, शेअरची पुनर्खरेदी, शाखांची खाती हे विषय त्यावर उभे राहतात. पाया नसलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात गोंधळतो, दुसऱ्या महिन्यात क्लास बदलतो आणि तिसऱ्या महिन्यात ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून मोकळा होतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते, मधली एक पायरी वगळलेली असते.

ही पायरी नोंदणीच्या आधी, घरी बसून आणि जवळजवळ विनाखर्च कशी चढता येईल, हे पुढे क्रमाने मांडले आहे. रोज चार तास देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी साधारण चार महिने लागतील. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने सहा महिने धरावेत.

आधी वाट ठरवावी

लेखा आणि करविषयक उच्च शिक्षण म्हणजे केवळ सीए नव्हे. एम.कॉम.ला बहुतेक विद्यापीठे बी.कॉम.ची पदवी मागतात, त्यामुळे ती वाट इतर शाखांना अनेक ठिकाणी बंदच असते; माहितीपत्रकातील पात्रतेचा रकाना वाचल्याशिवाय अर्जाचे पैसे भरू नयेत. उद्योगातील खर्चाच्या हिशेबात रस असणाऱ्याला, विशेषतः यंत्र किंवा उत्पादन अभियांत्रिकीच्या पदवीधराला, कॉस्ट अकाउंटंटचा, म्हणजे सीएमएचा, अभ्यासक्रम जवळचा वाटतो आणि तेथेही पदवीधराला थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. केवळ करसल्ल्याचे काम करायचे असेल तर विधी महाविद्यालयांतून चालणारी करविषयक कायद्याची पदविका, म्हणजे डीटीएल, पाहावी. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे कल असेल तर राज्याच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि पतसंस्था व गृहनिर्माण संस्थांनी भरलेल्या महाराष्ट्रात तिला निश्चित उपयोग आहे. अमेरिकेत लेखाशास्त्राची मास्टर्स करू पाहणाऱ्याला विद्यापीठे बहुधा फायनान्शियल आणि मॅनेजरियल अकाउंटिंगचे प्राथमिक विषय आधी पूर्ण करायला सांगतात.

वाटा वेगळ्या असल्या तरी पहिल्या दोन महिन्यांचा अभ्यास सर्वांना सारखाच लागतो. पुढील विवेचन सीए इंटरमिजिएट समोर ठेवून केले आहे, कारण पायाची कसोटी तेथे सर्वांत कडक लागते.

इंटरमिजिएटचे सध्याचे रूप थोडक्यात असे आहे. दोन गट, प्रत्येकी तीन पेपर, प्रत्येक पेपर १०० गुणांचा. पहिल्या गटात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कंपनी व इतर कायदे आणि कर. दुसऱ्या गटात कॉस्ट व मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिट व नीतिमत्ता, आणि फायनान्शियल मॅनेजमेंट व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. तीस टक्के प्रश्न बहुपर्यायी असतात. दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालील उमेदवारी, करावी लागते.

पहिले दोन महिने केवळ जमाखर्च

येथे एक आग्रहाचे सांगणे आहे : सुरुवात करापासून करू नये. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला प्राप्तिकर सोपा वाटतो, कारण त्यात दर असतात, मर्यादा असतात, सूत्रासारखी रचना असते, आणि जमाखर्चातील ‘डेबिट-क्रेडिट’, म्हणजे नावे-जमा, मात्र मनमानी वाटते. परंतु धंद्याच्या उत्पन्नावरील कर हा हिशेबातील नफ्यापासून सुरू होतो. तो नफा कसा आला हे ज्याला सांगता येत नाही त्याला त्यात करासाठी काय मिळवायचे आणि काय वजा करायचे हे कधीच नीट समजत नाही.

आयसीएआयच्या संकेतस्थळावर फाउंडेशनच्या अकाउंटिंगचे संपूर्ण अभ्याससाहित्य विनामूल्य उपलब्ध आहे. तेच पुस्तक घ्यावे आणि दुसरे कोणतेही घेऊ नये. अकरावी-बारावीची वाणिज्य शाखेची मराठी पाठ्यपुस्तके मात्र सोबत ठेवण्यास हरकत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला संकल्पना प्रथम आपल्या भाषेत वाचता येते. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच देता येत असल्याने उत्तरे लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या आठवड्यापासून त्या भाषेतच करावा.

नव्या माणसाला अडवणारी पहिली गोष्ट बँकेच्या पासबुकातून येते. खात्यात पैसे भरले की बँक ते ‘क्रेडिट’ म्हणून दाखवते, आणि पुस्तक सांगते की बँकेत पैसे आले की बँक खाते ‘डेबिट’ करा. यात विसंगती नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची प्रत आहे. बँकेच्या दृष्टीने तुमची ठेव हे तिचे देणे आहे आणि देणे वाढले की ते जमा बाजूला जाते. तुमच्या वहीत तीच रक्कम तुमची मालमत्ता आहे आणि मालमत्ता वाढली की ती नावे बाजूला जाते. वही कोणाची आहे हा प्रश्न प्रत्येक नोंदीपूर्वी विचारण्याची सवय लागली की निम्मा गोंधळ संपतो, आणि आपली वही व पासबुक यांच्या शिलकांचा मेळ घालणारे बँक मेळपत्रक हे प्रकरण जवळजवळ आपोआप समजते.

यानंतर सोडवलेली उदाहरणे वाचत बसण्यापेक्षा एक छोटा व्यवसाय स्वतः कल्पून त्याचे पूर्ण वर्षाचे हिशेब हाताने लिहावेत. नमुन्यासाठी कोल्हापुरातील मसाल्याचा एक गृहउद्योग घेऊ. मालकिणीने १ एप्रिल रोजी ३,००,००० रुपये व्यवसायाच्या बँक खात्यात भरले. १,२०,००० रुपयांचे दळणयंत्र धनादेशाने घेतले. वर्षभरात १,००,००० रुपयांची मिरची व इतर कच्चा माल उधारीवर आला आणि त्याचे पैसे वर्षअखेरीपर्यंत दिले गेले नाहीत. १,५०,००० रुपयांची विक्री झाली. त्यातील १,००,००० रुपये बँकेत आले आणि ५०,००० रुपये येणे राहिले. १ ऑक्टोबरला पुढील बारा महिन्यांचे गाळाभाडे ३६,००० रुपये एकदम दिले. मजुरी २०,००० रुपये दिली. ३१ मार्चला ३०,००० रुपयांचा माल शिल्लक आहे आणि यंत्रावर १० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किमतीतील घट, धरायचा आहे.

प्रत्येक व्यवहाराची रोजकीर्दीत नोंद करावी, खतावणी करावी, तेरीज जुळवावी आणि मग अंतिम खाती करावीत. विक्री १,५०,०००, विकलेल्या मालाची किंमत ७०,०००, कारण एक लाखाच्या मालापैकी तीस हजारांचा शिल्लक आहे, म्हणून ढोबळ नफा ८०,०००. त्यातून भाडे १८,००० वजा होते, ३६,००० नव्हे, कारण उरलेले सहा महिने पुढील वर्षाचे आहेत. मजुरी २०,००० आणि घसारा १२,००० वजा करता निव्वळ नफा ३०,००० रुपये उरतो. ताळेबंदाच्या एका बाजूस यंत्र १,०८,०००, माल ३०,०००, येणे ५०,०००, आगाऊ दिलेले भाडे १८,००० आणि बँक शिल्लक २,२४,००० असे ४,३०,००० रुपये होतात. दुसऱ्या बाजूस भांडवल ३,००,०००, नफा ३०,००० आणि पुरवठादारांचे देणे १,००,००० मिळून तेवढेच होतात.

आता खरा प्रश्न स्वतःला विचारावा. व्यवसायाला तीस हजारांचा नफा झाला, मग बँकेतील रक्कम तीन लाखांवरून २,२४,००० वर, म्हणजे ७६,००० रुपयांनी खाली कशी आली? नफ्यात घसारा परत मिळवा, कारण त्यासाठी कोणाला पैसे दिलेले नाहीत : ४२,०००. मालात अडकलेले ३०,०००, गिऱ्हाइकांकडे अडकलेले ५०,००० आणि आगाऊ भाड्यात अडकलेले १८,००० वजा करा : उणे ५६,०००. पुरवठादारांना न दिलेले १,००,००० मिळवा : ४४,०००. यंत्राचे १,२०,००० वजा करा : उणे ७६,०००. ज्याला हा मेळ कागदावर, पुस्तकात न पाहता, बसवता आला त्याला उपार्जित तत्त्वावरील, म्हणजे पैसे केव्हा दिले-घेतले ते न पाहता उत्पन्न व खर्च ज्या वर्षाचे त्या वर्षी धरणारा, हिशेब कळला, आणि रोख प्रवाह पत्रक नावाचे पुढचे प्रकरण त्याने शीर्षक न वाचताच पूर्ण केले असे समजावे. न जमल्यास पुढे जाऊ नये. आकडे बदलावेत, थोडे कर्ज व त्यावरील व्याज घालावे, मालकिणीने घरखर्चासाठी पैसे उचलल्याचे दाखवावे आणि पुन्हा करावे.

या टप्प्यावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडू नये. टॅलीत नोंद चुकीच्या खात्यावर केली तरी ताळेबंद जुळलेलाच दिसतो, आणि शिकणाऱ्याला आपण बरोबर आहोत असे वाटत राहते. हाताने किमान वीस-पंचवीस संपूर्ण गणिते झाल्यावर टॅली आठवडाभरात येते. उलट क्रमाने गेल्यास टॅली येते आणि जमाखर्च येत नाही, असे टॅली चालवणारे अनेक कार्यालयांत भेटतात.

दुसऱ्या महिन्यात बँक मेळपत्रक, मालसाठ्याचे मूल्यमापन, घसारा, हुंड्या, भागीदारीची खाती, नफा हा हेतू नसलेल्या संस्थांची खाती, अपुऱ्या नोंदी आणि कंपनीच्या शेअरची प्राथमिक खाती घ्यावीत. भागीदारीला वेळ द्यावा. नवा भागीदार येणे, जुना निवृत्त होणे यातील समायोजने पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणात वेगळ्या वेषात परत येतात. हुंड्यांवर फार वेळ घालवू नये.

खरा ताळेबंद वाचावा, तोही घरातलाच

पुस्तकातील उदाहरणे नीटनेटकी असतात. खऱ्या हिशेबाची सवय होण्यासाठी सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण तीनशे पानी अहवाल नवख्याला पहिल्या दिवशी झेपत नाही. महाराष्ट्रातील शहरी घरांत त्याहून सोपी वस्तू मिळते : गृहनिर्माण सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल. सर्वसाधारण सभेपूर्वी तो सभासदांना दिला जातो आणि बहुतेक घरांत न वाचता खणात पडतो. तो घेऊन बसावे. त्यात सिंकिंग फंड (इमारतीच्या पुनर्बांधणीसारख्या मोठ्या खर्चासाठी साठवलेला निधी), दुरुस्ती निधी, सभासदांकडील थकबाकी, बँकेतील मुदत ठेवी, लेखापरीक्षकाचे शेरे हे सर्व असते. जमा-खर्च पत्रक आणि उत्पन्न-खर्च पत्रक यांतील एकाच खर्चाच्या रकमा वेगळ्या का आहेत, हे शोधावे. थकबाकी गेल्या वर्षीपेक्षा वाढली आहे का, सिंकिंग फंडाएवढी रक्कम खरोखर ठेवीत गुंतवलेली आहे का, हे पाहावे. शक्य झाल्यास सभेत एक प्रश्नही विचारावा; मात्र संस्थेच्या खजिनदाराला हा अभ्यासाचा भाग आहे हे आधी सांगितलेले बरे.

त्यानंतर कंपनीचा अहवाल घ्यावा, आणि ज्या कंपनीचा माल आपण वापरतो तिचाच घ्यावा. संचालकांचे निवेदन सोडून द्यावे. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि त्यांखालील टिपा एवढेच वाचावे. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टाने ताळेबंदाचा जो नमुना ठरवला आहे, तो अशा वाचनातून पाठ न करता लक्षात राहतो. मोठ्या कंपन्या इंड एएस या आंतरराष्ट्रीय धर्तीच्या नव्या मानकांनुसार हिशेब लिहितात, तर इंटरमिजिएटला जुनी लेखामानके, म्हणजे एएस, असतात. म्हणून अहवालातील मोजमापाचे बारकावे पाठ करू नयेत, मांडणी पाहावी.

एक लॅपटॉप, दोन हिशेब

जमाखर्चाकडून कराकडे जाण्याचा पूल घसाऱ्यावरून सर्वांत चांगला बांधता येतो. एखाद्या कंपनीने ६०,००० रुपयांचा लॅपटॉप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतला असे समजा. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा उपकरणाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये अवशिष्ट किंमत, म्हणजे आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत, सोडून उरलेले ५७,००० रुपये सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखे, वाटले तर दरवर्षी १९,००० रुपये घसारा येतो. प्राप्तिकरात मात्र संगणकावर घटत्या शिलकेच्या पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, ४० टक्के घसारा मिळतो : पहिल्या वर्षी २४,०००, दुसऱ्या वर्षी १४,४००, तिसऱ्या वर्षी ८,६४०. हाच लॅपटॉप वर्षात १८० दिवसांहून कमी वापरला गेला असता तर पहिल्या वर्षी निम्मा, म्हणजे १२,००० रुपये घसारा मिळाला असता.

पहिल्या वर्षी करासाठीचा खर्च पुस्तकातील खर्चापेक्षा ५,००० रुपयांनी जास्त आहे, म्हणून करपात्र नफा तेवढा कमी आणि कर आज कमी भरावा लागतो. पण वस्तू तीच असल्याने एकूण खर्च अखेर तेवढाच होणार आहे. आज वाचलेला कर पुढे द्यावाच लागेल. दुसऱ्या वर्षाअखेरीस दोन्ही बेरजा जवळजवळ गाठ घेतात, ३८,००० आणि ३८,४००. तिसऱ्या वर्षानंतर चित्र उलटते : पुस्तकात ५७,००० खर्ची पडले आहेत आणि कराच्या हिशेबात ४७,०४०. या वेळेच्या फरकाची नोंद म्हणजे आस्थगित कर, जो लेखामानक २२ मध्ये येतो आणि ज्याची बहुतेक विद्यार्थी उगीचच धास्ती घेतात. हा तक्ता वहीत स्वतः मांडला की पुस्तकातील नफा आणि करपात्र उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे पुन्हा कोणी समजावून द्यावे लागत नाही.

तिसरा महिना : कायदा वाचण्याची रीत

शास्त्र शाखेचा विद्यार्थी कायदा पाठ करू लागतो, आणि कला शाखेचा विद्यार्थी, विशेषतः राज्यशास्त्राचा, येथे अनपेक्षितपणे पुढे जातो. कायद्याचे वाक्य लांब असले तरी त्याची रचना ठरलेली असते. कलम, पोटकलम, खंड. मग परंतुक, जे नियमातून काही वगळते. मग स्पष्टीकरण, जे शंका दूर करते. कलमाची सुरुवात ‘इतर कोणत्याही तरतुदीत काहीही असले तरी’ अशी असेल तर ते कलम इतरांवर मात करते. ‘इतर तरतुदींच्या अधीन राहून’ अशी असेल तर ते इतरांपुढे नमते. प्रत्येक कलम वाचताना चार गोष्टी समासात लिहाव्यात : कोणाला लागू, कोणत्या परिस्थितीत, काय करायचे, आणि न केल्यास काय.

सराव भारतीय करार कायदा १८७२ पासून करावा. तो फाउंडेशनला आहे, त्याची भाषा तुलनेने सरळ आहे आणि त्यातील दृष्टान्त कायद्यातच छापलेले आहेत. मूळ कायदे केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. मालविक्री कायदा १९३० आणि भागीदारी कायदा १९३२ यांची मुख्य कलमे त्यापाठोपाठ घ्यावीत. कंपनी कायद्याला नोंदणीनंतर भरपूर वेळ मिळतो, तो आता उघडण्याची घाई नको.

कराचा पाया

प्राप्तिकराचा अभ्यास सध्या एका संक्रमणात आहे. प्राप्तिकर कायदा १९६१ ची जागा घेणारा प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला. ५३६ कलमांच्या या कायद्याने ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडी काढून ‘कर वर्ष’ आणले. त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाचे हिशेब व वाद जुन्या कायद्यानेच चालणार असल्याने कार्यालयांत काही वर्षे दोन्ही पुस्तके टेबलावर राहतील. विद्यार्थ्याने मात्र जुने पुस्तक स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. आपल्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे आयसीएआय जाहीर करते. ते पाहूनच पुस्तक घ्यावे.

कलमांचे क्रमांक बदलले तरी आकारणीचा प्रवाह तोच आहे. प्रथम निवासी दर्जा, मग पगार, घरमालमत्ता, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर साधने या पाच शीर्षांखाली उत्पन्न, मग तोट्याची वजावट, मग सवलती, मग एकूण उत्पन्न, दर, सूट, उपकर आणि शेवटी आधीच कापलेला कर. घरातील कोणाचा तरी फॉर्म १६, म्हणजे पगार व कापलेला कर दाखवणारे मालकाचे प्रमाणपत्र, घेऊन हा प्रवाह स्वतः मोजावा आणि उत्तर त्यातील आकड्याशी ताडून पाहावे. कोणत्याही शिकवणीत याहून चांगला सराव मिळत नाही.

दरांचा तक्ता वाचणे वेगळे आणि वापरणे वेगळे, हे एका उदाहरणातून दिसेल. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांवर १५ टक्के आहे. पगार १२,७५,००० असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन एकूण उत्पन्न १२,००,००० राहते. कर २०,००० अधिक ४०,००० असा ६०,००० येतो आणि तेवढीच सूट मिळून शून्य होतो. आता एकूण उत्पन्न १२,१०,००० धरा. सूट १२ लाखांपर्यंतच असल्याने ती गेली, कर ६१,५०० झाला. म्हणजे दहा हजार जास्त कमावल्याबद्दल साडेएकसष्ट हजार कर. हा अन्याय टाळण्यासाठी सीमान्त सवलत आहे : १२ लाखांवर जेवढे उत्पन्न जास्त, त्याहून कर जास्त नको. म्हणून कर १०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून १०,४०० रुपये. ही सवलत किती उत्पन्नापर्यंत मिळत राहते, हे बीजगणिताने काढून पाहावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते दोन ओळींत जमते आणि वाणिज्यचे अनेक विद्यार्थी तेथे अडखळतात.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि तो शिकताना तीनच प्रश्नांनी सुरुवात करावी : पुरवठा झाला का, कोठे झाला आणि किती कर आधीच भरला गेला आहे. पुण्याचा व्यापारी नाशिकला माल पाठवतो तेव्हा १८ टक्क्यांचे केंद्र आणि राज्य असे दोन समान भाग होतात. तोच माल दुसऱ्या राज्यात, पणजीला, गेला की आयजीएसटी हा एकत्रित कर लागतो. त्याने १,००,००० चा माल १८,००० कर देऊन घेतला आणि १,३०,००० ला विकून २३,४०० कर वसूल केला, तर सरकारला रोख ५,४०० भरायचे. येथे पुन्हा जमाखर्च कामाला येतो : परत मिळणारे १८,००० हे मालाच्या खरेदी किमतीत धरले तर माल, नफा आणि कर तिन्ही चुकतात. ते येणे आहे, खर्च नाही.

कॉस्टिंग, ऑडिट आणि फायनान्शियल मॅनेजमेंट यांना या चार महिन्यांत हात लावण्याची गरज नाही. अभियंत्यांना पहिले आणि तिसरे जड जात नाहीत, आणि ऑडिट हे जमाखर्च समजल्याशिवाय वाचण्यात अर्थ नाही.

साधने

अभियांत्रिकीचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही. साधा, बारा अंकी कॅल्क्युलेटरच न्यावा लागतो. म्हणून तो आजच घ्यावा आणि त्याच्या एम-प्लस, एम-मायनस व जीटी या कळा बोटांना सवयीच्या कराव्यात. दहा टक्के दराने वर्तमानमूल्याचे गुणक, म्हणजे पुढे मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, हवे असतील तर बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१ करून बरोबरची कळ पुनःपुन्हा दाबली की ०.९०९, ०.८२६, ०.७५१ असे एकामागून एक मिळत जातात. एक्सेलमध्ये सम-इफ, एक्स-लुकअप आणि पिव्हट टेबल एवढे पुरे. वर दिलेले मसाल्याचे आणि लॅपटॉपचे तक्ते त्यात सूत्रांनी बांधावेत, आकडे टाकून नव्हे.

नोंदणीपूर्वीची कसोटी आणि तारखांचा हिशेब

चौथ्या महिन्याच्या मध्यावर फाउंडेशनच्या अकाउंटिंगची एखादी जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, तीन तास घड्याळ लावून १०० गुणांचा पेपर पूर्ण लिहावा आणि संस्थेने प्रसिद्ध केलेल्या उत्तरांवरून स्वतःला कठोरपणे गुण द्यावेत. साठ किंवा अधिक आले तर निर्धास्त नोंदणी करावी. चाळीस ते साठ आले तर चुकलेल्या प्रकरणांवर दोन आठवडे घालवून दुसरी प्रश्नपत्रिका सोडवावी. चाळिसाच्या आत गुण असतील तर सरळ पुढच्या परीक्षेचे लक्ष्य ठेवावे. घाईने केलेली नोंदणी परीक्षेची तारीख जवळ आणते, तयारी नाही.

इंटरमिजिएटची परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, आणि परीक्षेच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला नोंदणीपासून आठ महिन्यांचा अभ्यासकाल पूर्ण झालेला असावा लागतो. म्हणजे मे महिन्याच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत, सप्टेंबरच्या परीक्षेसाठी त्याच वर्षीच्या १ जानेवारीपर्यंत आणि जानेवारीच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच्या १ मेपर्यंत नोंदणी व्हायला हवी. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला तात्पुरती नोंदणी करता येते, परंतु ६० टक्क्यांचा पुरावा नंतर द्यावाच लागतो. गुणपत्रिकेत ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतर केल्याचे विद्यापीठाचे पत्र वेळेत मागवावे, कारण निकालाच्या दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर त्यासाठी बराच वेळ जातो. ज्यांची पदवी परीक्षा एप्रिलअखेर संपते त्यांना मे ते ऑगस्ट हे चार महिने पायासाठी मिळतात, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी होते आणि पुढील मे महिन्यात पहिला गट किंवा दोन्ही गट देता येतात. पहिल्या खेपेस दोन्ही गट द्यावेत की एकच, हे आता ठरवू नये. डिसेंबरअखेर ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग आणि कॉस्टिंग हे दोन्ही पेपर एकदा पूर्ण झाले असतील तरच दोन्ही गटांचा अर्ज भरावा.